बिनपाण्याचं इंजिन

एका विमानाच्या इंजिनाला मी एकदा कळशीभर पाणी पाजलं. पाजलं कसलं, डोक्यावर ओतलं. महादेवाच्या पिंडीवर ओतावं तसं, दोन्ही हातांनी, मनोभावे. ज्या इंजिनाला जन्मात कधी पाणी लागत नाही, त्याला. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते, परकर खोचून रानभर हिंडत होते, आणि जगात आपल्याला कळत नाही असं फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की खात्री होती. आता ऐंशी उलटली. खात्री केव्हाच गळून पडली, कळशी मात्र अजून हातातून सुटत नाही.

ही गोष्ट सांगितली की माणसं हसतात. हसू द्यावीत. नातवंडं जेवायला बसली की मीच विषय काढते. "इंजिनाच्या डोक्यावर पाणी? आजी, तू म्हणजे अगदीच ही होतीस!" असं म्हणून पोरं ताटावर लवंडतात. मीही हसते, त्यांना भात वाढते, आणि पुढची गोष्ट गिळून टाकते. इतकी वर्षं तेवढीच सांगत आले. हसण्यापुरती. यंदा कापणी आली आणि गिळलेलं सगळं घशाशी आलं.

आता आमच्याकडं कापणीला यंत्र येतं. सकाळी येतं, दुपारी जातं. मधल्या वेळात शेत बोडकं. पण वास तोच. कापलेल्या भाताला दोन वास असतात, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. एक वरचा, उन्हाचा, गोडसर, नव्या पेंढ्याचा. तो सगळ्यांना आवडतो. दुसरा खालचा. कापलेलं भात रात्रभर भुईवर पडलं की त्याच्या पोटाशी जी ऊब धरते, दंवाची, चिखलाची, कुजू लागलेल्या पानाची, तिचा. भारा उचलला की तो एकदम तोंडावर येतो. परवा सुनेनं अंगणातला पेंढा उचलला आणि तो वास आला. मी ओट्यावरून ओरडले, "हात घालू नको!" ती बिचारी दचकली. म्हणाली, "अहो, पेंढाच आहे." पेंढाच होता.

आमचं गाव चौक आणि खालापूर या दोन गावांच्या मधे, मुंबई-पुण्याच्या रस्त्याला चिकटून. पुढं खोपोली, आणि खोपोलीपासून घाट. त्या काळी रस्त्यानं मोटार जाणं म्हणजे प्रसंग असे. कधी दिवसाला चार-दोन, कधी एकही नाही. पण जी येई ती आमच्या गावात थांबे, कारण पुढं घाट चढायचा असे आणि मोटारीला पाणी हवं असे. घाट उतरून येणारी तर उकळतच यायची, नाकातून वाफा सोडत, रागावलेल्या रेड्यासारखी. गावाचा रिवाज असा की मोटार ज्या दाराजवळ थांबेल, त्या घरानं पाणी न्यायचं. त्याचं काही घ्यायचं नाही. माझे बाबा म्हणायचे, "दारातनं बैल तानेला जाऊ देऊ नये, मानूस तानेला जाऊ देऊ नये. आता मोटार बी तशीच."

या कामात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. हाताला फडकं गुंडाळायचं, मोटारीच्या नाकावरचं झाकण अर्धं फिरवायचं, लांब उभं राहायचं, फुस्स करून वाफ गेली की मग झाकण काढायचं आणि सावकाश धार धरायची. एकदम ओतायचं नाही. ड्रायव्हर लोक मला 'मास्तरीण' म्हणायचे. म्हणणारच. आयतं पाणी घालणाऱ्या पोरीला कुणी प्रिन्सिपालसुद्धा म्हणेल. पण मला ते खरंच वाटायचं. मोटार म्हणजे काय ते आपल्याला कळलं. इंजिन म्हणजे तापणारं जनावर आणि त्याचा उपाय म्हणजे कळशी. झालं, विद्या संपली.

त्या साली दसरा उलटला, पाऊस वेळेवर आवरला, आणि भात असं पिकलं की बांधावरून चालताना लोंब्या पोटऱ्यांना लागायच्या. घरातली सगळी कापणीला. बाबा, आई, माझा थोरला भाऊ गणूदादा, आणि त्याची बायको येसूवहिनी. वहिनी दहिवलीची, कर्जतच्या अलीकडची. लग्न होऊन दुसरंच वर्ष होतं. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण माझ्याशी सागरगोटे खेळायची, आणि हरली की रडीचा डाव खेळायची. दादा कापत पुढं जायचा आणि वहिनी मागून भारे बांधायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत, वडील माणसांसमोर बोलायची पद्धतच नव्हती. पण दादा मधूनच एखादी लोंबी तोडून मागं न बघता खांद्यावरून फेकायचा आणि ती नेमकी वहिनीच्या पदरात पडायची. हे मी पाहायची आणि खोकायची. वहिनी मग मला ढेकूळ मारायची.

सकाळचं ऊन चढलं होतं. इर्शाळच्या सुळक्याच्या अंगानं आवाज आला. विमानं आम्ही आधी पाहिली होती. पुण्याकडून मुंबईकडं कधी एखादं जायचं, घारीएवढं. पण हे खाली होतं, आणि त्याचा आवाज तुटत होता. खोकत, थांबत, परत खोकत. आईनं विळा टाकून दिला आणि मला कुशीत ओढलं. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, आंब्याच्या शेंड्याला घासल्यासारखं वाटलं, आणि गावामागच्या माळावर उतरलं. माळ लांबलचक, त्याच्या एका टोकाला आमची खळी आणि कापून आणलेल्या भाताचे भारे. विमान उड्या मारत मारत आलं आणि भाऱ्यांच्या अलीकडं थांबलं.

त्यातून एक तरुण पारशी उतरला. कातडी टोपी, तोंडावर तेलाचे शिंतोडे. नाव रुस्तम. मुंबईच्या कुठल्याशा क्लबात विमान चालवायचा. भोवती गाव जमलेलं पाहून तो आधी घाबरला असावा, कारण प्रत्येकाच्या हातात विळा होता. मग म्हणाला, "पानी मिलेल काय? मला. प्यायला." आईनं ताक दिलं. त्यानं तांब्या संपवला, पुन्हा पुढं केला. त्या दिवशी विमानातून उतरलेल्या माणसालाही तहान लागते हे मी पाहिलं. आणि त्यातून मी काय शिकले असेन ते तुम्ही ओळखलंच.

इंजिन त्याच्या अगदी नाकावर होतं, उघडं. मोटारीचं इंजिन झाकणाखाली लपलेलं असतं, बुरख्यातल्या बाईसारखं. हे चारचौघांत तोंड काढून उभं. मला ते आधी हळदीकुंकवाचं पंचपाळं वाटलं. मधे एक गोल गाभा आणि त्याच्याभोवती पाच जाड नळकांडी, पाच दिशांना तोंडं करून. भांडण झालेले पाच भाऊ एकमेकांकडं पाठ करून बसावेत तशी. प्रत्येक नळकांड्यावर पातळ पातळ लोखंडी चकत्या, एकीवर एक, बोटाचं नखही जेमतेम जाईल इतक्या जवळजवळ. त्या चकत्यांमधून ऊन आरपार दिसायचं. पुढं लाकडी पंखा, पॉलिश केलेला, आमच्या देवघराच्या चौरंगाहून गुळगुळीत. आणि इंजिन थांबलं होतं तरी आतून टिकटिक टिकटिक वाजत होतं, कणसं भाजून काढल्यावर निखारे वाजतात तसं. तापलंय, मी मनात म्हटलं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

रुस्तमनं हत्यारं काढली, एक नळकांडं खोललं, काहीतरी काळं झालेलं काढून त्या जागी नवं बसवलं, एक नळी आवळली. दुपारपर्यंत त्याचं चाललं होतं. मग त्यानं दादाला पंखा कसा ओढायचा ते दाखवलं. ओढायचा आणि लगेच मागं सरायचं. दादानं ओढला. इंजिन पेटलं. माळावरचा पेंढा उडाला, बायकांचे पदर उडाले, आमचं कुत्रं पळालं ते संध्याकाळीच परत आलं. दादाच्या तोंडावरचा आनंद मला आजही दिसतो. तो माझ्याकडं वळून ओरडला, "बने! ह्याला रेडा म्हन की गं आता!"

रुस्तमनं इंजिन बराच वेळ चालवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि बंद केलं. म्हणाला, जाईल. पण उडायला वाट लागेल, पुढचे भारे हलवा. ते आमचेच भारे. बाबांनी हात केला आणि सगळे लागले उचलायला. हसत खिदळत. भारा हलवायचा म्हणजे काय, रोजचंच काम. दादानं खालच्या रांगेतला एक भारा कवटाळला आणि उचलला.

तो ओरडला नाही. फक्त "हात्तिच्या" म्हणाला आणि भारा टाकून पायाकडं बघत उभा राहिला. भाऱ्याखालून घोणस निघाली, जाड, आखूड, अंगावर साखळी ओढल्यासारखी. कुणीतरी ती काठीनं ठेचली. पोटरीवर दोन टिपके, आणि त्यांच्याभोवती बघता बघता सूज चढू लागली.

कापणीत पान लागणं, म्हणजे साप चावणं, आमच्याकडं नवं नव्हतं. दर साली तालुक्यात कुणीतरी जायचं. ठाकरवाडीवरच्या भगताकडं माणूस धावला. दुसरा रस्त्यावर जाऊन उभा राहिला, एखादी मोटार येतेय का बघायला. खालापूरच्या दवाखान्यात सापाचं औषध नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. रुस्तम पुढं आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण भारे त्याच्यासाठी हलवले जात होते. म्हणाला, "मुंबईला सापची सुई हाय. मी घेऊन जाते. पुढची सीट रिकामी हाय. जुहूला उतरते, तिथून मोटार, सीधा हॉस्पिटल. काका, वेळ नको घालवू."

बाबा म्हणजे एवढ्यातेवढ्याला आवाज चढवणारा माणूस. एकदा विमानाकडं बघितलं, एकदा दादाकडं. "जमिनीवरचं मानूस," ते पुटपुटले, "वर न्यायचं म्हंजे..."

तेव्हा येसूवहिनी बोलली. सासऱ्यासमोर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरलाही नाही. "मामंजी, न्हेऊ द्या. पाया पडते तुमच्या. न्हेऊ द्या त्येंना."

बाबांनी मान हलवली.

मग घाई. दादाच्या मांडीला धोतराची पट्टी आवळलेली, चार माणसं त्याला उचलून आणताहेत, रुस्तम पुढच्या जागेतलं सामान बाहेर फेकतोय, वहिनी आपलं लुगडं फाडून दोऱ्या करतेय, त्याला बसल्या जागी बांधायला. आणि दादा तशातही मला म्हणतोय, "काय गं बने, मी चाललो इमानातनं. तू बस मोटारीला पानी पाजत." ओठ पांढरे पडले होते त्याचे. पण बोलत होता.

त्याच्या त्या बोलण्यावरून मला सुचलं. खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं. आणि मूर्खपणाला प्रेमाची जोड मिळाली की तो कसा धावत सुटतो ते मला विचारा. माझ्या लक्षात आलं की सगळे दादाच्या मागं आहेत आणि इंजिनाकडं कुणाचंच लक्ष नाही. आत्ताच एवढं चाललंय, तापलंय, टिकटिकतंय. मुंबईपर्यंत जायचंय. वाटेत खाडी. आकाशात कुणाचं दार लागतं पाणी मागायला? आमच्या गावातून आजवर एकही मोटार कोरडी गेली नव्हती, आणि ज्यात माझा दादा बसणार तीच जाणार?

आंब्याखाली कापणाऱ्यांसाठी पाण्याची कळशी होती, सकाळी विहिरीतून काढलेली, गार. ती घेऊन मी धावले. झाकण शोधलं. पुढून, बाजूनं, खालून. कुठंच नाही. फडकं गुंडाळलेला हात तसाच. मग पालथ्या टोपलीवर चढले, सगळ्यांत वरचं नळकांडं हाताला आलं, म्हटलं तोंड सापडत नाही तर अंगावर तर घालू, बैलालाही घालतातच की. आणि ओतलं. एकदम. मोटारीला सावकाश धार धरायची हे शिकवणारी मी मास्तरीण.

वाफेचा लोट आला, मला काही दिसेना. त्या लोटातून एक आवाज आला. टण्ण. लहानसाच. निखाऱ्यावर ठेवलेल्या खापराला पाणी लागलं की येतो तसा.

रुस्तम ओरडत आला. त्यानं मला टोपलीवरून ढकललं नाही, उचलून बाजूला ठेवलं. हे मी आजही त्याच्या बाजूनं सांगते. त्या नळकांड्याकडं वाकून पाहिलं. तारांवरून, खालच्या डबीवरून पाणी ठिबकत होतं, ते त्यानं आपल्या गळ्यातल्या रुमालानं टिपलं. मग पंख्याला हात घातला. ओढला. इंजिन फुसकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढला. माणसं पाळीपाळीनं ओढू लागली. एकदा ते पेटलं, दोन-चार भडके दिले, वरच्या नळकांड्याच्या कडेनं धूर आणि तेल फसफसून बाहेर आलं, आणि पंखा झटका देऊन थांबला. दादा पुढच्या जागेत लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला. त्याला इंजिनाची पाठ दिसत होती. आमच्याकडं बघायला त्याला मान वळवावी लागे, आणि थोड्या वेळानं तो ती वळवेनासा झाला. रुस्तमच्या तळहातांची सालं निघाली होती. तो पंख्याला टेकून रडत होता आणि आपल्या भाषेत काही म्हणत होता. मला तेव्हा कळलं की साहेब लोकही रडतात. शहाणपण त्या दिवशी नुसतं पोत्यानं येत होतं.

"सोडा," बाबा म्हणाले. "उतरवा. गाडी जुंपा."

रस्त्यावर मोटार आलीच नाही. एरवी येणारी, उकळणारी, पाणी मागणारी एकही नाही. बैलगाडीत पेंढा घालून त्यावर दादाला निजवलं आणि आडवाटेनं कर्जतला निघाले. तिथं मुंबईची आगगाडी. मी ओढ्यापर्यंत मागं मागं पळाले. बाबांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "मागं फिर." एवढंच. शिवी नाही, मार नाही. मला वाटलं होतं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वर्षं वाटत होतं.

पुढचं मी पाहिलं नाही; बाबांनी नंतर कधीतरी, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. वाटेत दादाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वहिनी पदरानं पुसत होती. पदर ओला झाला की दुसरं टोक घेत होती. दिवस कलला. दहिवलीची घरं दिसू लागली, त्यात तिच्या माहेरचं. ती दादाला हलवून म्हणाली, "आलो बगा. आपली दहिवली. आता नदीपल्याड ठेसन." तिकडून आगगाडीची शिट्टी ऐकू आली. बाबांनी बैल हाकले. वहिनी म्हणाली, "हळू हाका. झोपलेत ते." बाबांनी मागं वळून पाहिलं, आणि बैल थांबवले.

भात कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. हे क्रूर वाटतं, पण शेतकऱ्याच्या घरी सुतकातही लोंबी गळतेच. दादाचे दिवस झाले आणि झोडणी सुरू झाली. विमान तसंच माळावर उभं होतं, ताडपत्री टाकलेलं. त्याच्या पंखावर कावळे बसत. गावातली पोरं तिकडं फिरकत नसत. बायका लांबून हात जोडत. कशाला जोडत कोण जाणे. आम्ही मात्र रोज त्याच्यासमोर, कारण खळं तिथंच.

मला कुणी काही बोलत नव्हतं. आईनं फक्त पाणी भरायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. वहिनी माझ्या अंगावरून अशी जायची की मी दाराचा खांब असावा. तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या होत्या. तिचे हात उघडे बघायची सवय नव्हती, म्हणून मी तिच्या पायांकडं बघायची. ती पहाटे उठून खळ्यावर जायची आणि भारा उचलून दगडावर आपटायची. आपटायची, आपटायची, दाणे उडायचे. आई म्हणायची, "अगं, बस घडीभर, घाम बग किती आलाय." वहिनी बसत नसे. बसली की तिचा श्वास लागायचा, तोंड लाल व्हायचं. उठून हात चालू केले की शांत व्हायची.

मग रुस्तम परत आला. बरोबर खटारा आणि एक मिस्त्री. विमानाचे पंख उतरवले, इंजिन खोललं. गाडीत आमचाच पेंढा घालून त्यावर ठेवलं. मी आंब्याआड उभी होते. त्यानं मला पाहिलं आणि बोलावलं. हाताच्या जखमा भरल्या नव्हत्या. मला वाटलं, आता हा बोलेल, सगळ्यांच्या वाटणीचं. पण तो गुडघ्यावर बसला आणि त्या चकत्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "पोरी, हे बघ. हे पानी नाय पिते. हे वारा पिते. वर चालते तेव्हा वारा ह्याच्यामधून जाते, मग थंड राहते. उभा राहिला की तापते." मी मान हलवली. त्यानं वरच्या नळकांड्यावरची एक बारीक रेघ दाखवली, केसाएवढी. "ही फूट तुझ्या पाण्यानं पडली असेल. पण मला वाटते, आधी पण होती. त्याच्यासाठीच तर मी खाली उतरला. मिस्त्री पण तसंच बोलते. तुझा पाणी नसता पडला, तरी हे खाडीपर्यंत गेला असता काय, मला नाय ठाऊक. कदाचित आम्ही दोघे पण गेलो असतो." तो उठला, टोपी घातली. "तुझ्या आईला सांग. भाभीला पण सांग."

खरं होतं का ते? की पोरीची दया आली म्हणून बोलला? फार विचार केला मी. पुढं लग्न झालं, नवरा शाळामास्तर मिळाला. आता खरी मास्तरीण झाले, पण ते लग्नानं. त्यांच्याकडच्या एका मासिकात तसल्या इंजिनाचं चित्र आलं होतं. पाच पाकळ्या, चकत्या, सगळं. खाली लिहिलेलं मी दिवसभर वाचत बसले. वारा कसा खेळतो ते होतं, लोखंड किती तापतं ते होतं. गार पाणी पडलं तर फुटतं का, हे त्यात नव्हतं. जुनी फूट आणि नवी फूट वेगळी कशी ओळखायची, हेही नव्हतं. मासिक मिटून ठेवलं. ह्यांनी विचारलं, "काय शोधत होतीस?" मी म्हटलं, "पाककृती."

येसूवहिनी आमच्याच घरी राहिली. तिच्या भावांनी पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं, पाहिलं होतं, ती गेली नाही. आणि ती माझ्यावर आयुष्यभर रागावली. गप्प गप्प नव्हे, चांगलं खणखणीत. माहेरी गेले की उंबऱ्यातच सुरू व्हायची: साडी अशी का नेसलीस, पोराला टोपी का नाही, भाजीत मीठ कोणी ओतलं. मी काय करायची, मीठ खरंच जास्त टाकायची. तिच्या चपला लपवायची. तिनं वाळत घातलेल्या पापडांवरून मुद्दाम मांजर सोडायची. पोरं म्हणायची, आई, मामीला कशाला छळतेस? लोक म्हणायचे, बनाबाई म्हातारी झाली तरी खोडी जात नाही. वहिनी शिव्या द्यायची, तिच्या गालांवर रंग यायचा, आणि त्या रात्री ती पोटभर जेवायची. शेवटच्या आजारात ती बोलेनाशी झाली तेव्हा मी तिच्या उशाशी मुद्दाम पाण्याचं भांडं लवंडलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडं असं पाहिलं, असं, की माझं काळीज भरून आलं.

हे मी कुणाला कधी समजावलं नाही. समजावायचं तर त्या दिवशीचं सांगावं लागतं, रुस्तमचा खटारा माळ उतरून गेला त्या दिवशीचं. मी धावत खळ्यावर गेले. आयुष्यात एवढी हलकी मी कधी झाले नव्हते. वहिनी भारा आपटत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं ओकले. जुनी फूट होती, साहेब म्हणतो, मिस्त्री म्हणतो, ते उडालं नसतंच, माझ्या पाण्यानं नव्हे, वहिनी, माझ्यामुळं नव्हे. तिनं भारा खाली ठेवला. तितक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. कपाळावरचा घाम उलट्या हातानं पुसला, आणि म्हणाली,

"बने, सायबाचं मला सांगू नको. तुज्यामुळंच गेलं ते, असंच ऱ्हाऊ दे. तुज्यावर रागावता तरी येतं मला, तू समोर हाईस. देवावर रागावून मी कुटं जाऊ गं?"